सिंक खाली आलंय, पण ओटा फोडू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातला सहा वर्षं जुना फ्लॅट. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याला खालून चिकटवलेलं २४ बाय १८ इंची स्टीलचं सिंक पुढच्या बाजूने जवळजवळ पाऊण सेंटिमीटर खाली आलं आहे. फटीतून पाणी झिरपून खालच्या कपाटाची प्लाय फुगायला लागली. प्लंबरने एम-सील भरून दिलं, ते पंधरा दिवसांत सुटलं. आता दुसरा माणूस म्हणतो, ग्रॅनाइट उचलल्याशिवाय हे होणार नाही. ते खरं आहे का, आणि सिंक खालून धरायला दगडाला चिकटवायच्या क्लिपा मिळतात त्या टिकतात का?

ग्रॅनाइट उचलायची अजिबात गरज नाही. तो उचलताना मागच्या टाइल्स फुटतात, सिंकच्या कापाजवळ दगड मोडायची भीती असते, आणि एवढं करून शेवटी तुमच्यासमोर तोच प्रश्न राहतो: सिंक दगडाला धरणार कशाने? क्लिपा टिकतात, पण त्या कशावर चिकटवल्या यावर सगळं आहे. बावीस वर्षांत अशी जी कामं माझ्याकडे परत आली, त्यांत क्लिप मोडलेली मी क्वचित पाहिली. क्लिपेची दगडाला चिकटवलेली चकती सुटलेली मात्र पुष्कळ वेळा पाहिली.

आधी आज रात्रीचं बघा. सिंकमध्ये पाणी साठवू नका, कुकर-कढया बाहेर काढा, आणि कपाटात एखादा पत्र्याचा डबा ठेवून त्यावर लाकडाचे तुकडे रचून सिंकच्या तळाला टेकू द्या. नुसता हलकासा आधार. घाईघाईत दाबून वर ढकललंत तर अजून धरून असलेली मागची बाजूही सुटेल.

आता हे का झालं ते समजून घ्या, कारण एम-सील का सुटलं त्याचं उत्तर त्यातच आहे. तुमच्या मापाच्या सिंकमध्ये काठोकाठ पाणी भरलं तर ते ४५ ते ५० लिटर भरतं. म्हणजे तेवढेच किलो. सिंकचं स्वतःचं वजन पाच-सहा किलो, वर भांडी. साठ किलोचा माणूस ओट्याला खालून लोंबकळतोय असं समजा. पाणी एक तासच येतं म्हणून सिंकमध्ये बादली, कळशी ठेवून भरायची सवय असलेली घरं तर रोज हे वजन देतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. स्टील गरम झालं की ग्रॅनाइटच्या साधारण दुप्पट पसरतं. भाताचं किंवा शेवयांचं उकळतं पाणी सिंकमध्ये ओतलं की दोन फूट लांबीचं स्टील ढोबळमानाने अर्धा मिलिमीटर वाढतं, आणि दगड मात्र थंडच असतो. दिसायला काहीच नाही, पण दिवसातून दोनदा, सहा वर्षं. पांढरं सिमेंट, मॅस्टिक (दगड जोडायची लुगदी), एम-सील, हे सगळे कडक पदार्थ. त्या सततच्या सरकण्याने ते एका बाजूने सुटायला लागतात, त्या केसाएवढ्या फटीत पाणी शिरतं, आणि मग पाणीच उरलेलं काम करतं. सिलिकॉन रबरासारखं ताणलं जातं, म्हणून ते पाणी चांगलं अडवतं, पण वर्षानुवर्षं वजन टांगून ठेवायला ते केलेलं नाही. म्हणून मी माझ्या पोरांना एकच सांगतो: पाणी सिलिकॉनने अडवायचं, वजन क्लिपेने पेलायचं. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की माणूस परत बोलावतो.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. सुरुवातीच्या काळात मी एका घरी फक्त पांढरं सिमेंट आणि सिलिकॉनवर सिंक बसवलं होतं. दोन दिवाळ्या निघाल्या. तिसऱ्या दिवाळीत चकल्यांची मोठी कढई भिजत घातलेली असताना सिंक पाण्यासकट कपाटात बसलं, आणि खालची पिठाची कोठी गेली. त्या काकूंनी फोनवर शिव्या दिल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "येऊन बघ एकदा." ते जास्त लागलं.

काम सुरू करण्याआधी टॉर्च घेऊन कपाटात डोकं घाला आणि दोन गोष्टी पाहा. पहिली, सिंकच्या काठाभोवती वर नक्की काय आहे? मॉड्युलर किचनमध्ये थेट ग्रॅनाइटची पाठ, म्हणजे खालची बाजू, दिसते. जुन्या पद्धतीच्या ओट्यात ग्रॅनाइटखाली कडप्पा असतो आणि सिंकचा काठ त्या दोघांच्या मध्ये दाबलेला असतो. तसं असेल तर इथेच थांबा. कडप्पा हा थरांचा दगड, त्याचे पापुद्रे सुटतात. क्लिप कडप्प्याला पक्की चिकटेल आणि कडप्प्याचा थर घेऊनच खाली येईल. तिथे खालून लोखंडी अँगलचा आधार हाच उपाय. दुसरी गोष्ट, सिंकच्या कापाच्या कोपऱ्यांतून ग्रॅनाइटला तडा गेला आहे का? पुढची पट्टी, म्हणजे सिंक आणि ओट्याची कड यांच्यामधला दगड, जेमतेम अडीच-तीन इंच रुंद असते. तिथे नख अडकेल असा तडा असला तर आधी दगडवाल्याला बोलवा. तुमच्या वर्णनावरून मला तुमचा ओटा पहिल्या प्रकारचा आणि धड वाटतो.

क्लिपेचा संच म्हणजे तीन वस्तू. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, भोकं पाडलेली स्टीलची चकती आणि तिच्या मधोमध उभा आट्यांचा बोल्ट, बहुधा ६ एमएमचा. त्या बोल्टवर चढणारी वाकवलेली पट्टी. आणि त्यावर बोटांनी फिरवायचा, दोन कानांचा विंग नट. चकती दगडाला चिकटते, पट्टीचं एक टोक दगडावर टेकतं, दुसरं सिंकच्या काठाखाली जाऊन त्याला वर दाबतं. तुमच्या मापाला आठ लावा, जमलं तर दहा: पुढे तीन, मागे तीन, दोन्ही बाजूंना एक किंवा दोन. घेताना पट्टी हातात धरून वाकवून बघा. अंगठ्याने वाकली तर ती सिंकची नाही, पडद्याची. आणि स्टेनलेसच घ्या. सिंकखालच्या कपाटात साधं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं.

सिंक पूर्ण काढायचं की जागेवरच दुरुस्त करायचं? पाऊण सेंटिमीटर आलं आहे म्हणता, तर काढाच. अर्धवट सुटलेलं सिंक नुसतं वर दाबलं तर जुन्या सिलिकॉनचा कचरा मध्येच राहतो आणि तिथून पाणी येतच राहतं. खाली आरओ मशीन असेल तर आधी त्याचा प्लग काढा. बॉटल ट्रॅप (सिंकखालची पाणी साठणारी बाटली) आणि वेस्ट पाइप (सांडपाण्याचा पाइप) सोडवा, खाली तसराळं ठेवा, त्यात साठलेलं पाणी येतंच. सिंकच्या काठालगत पेन्सिल फिरवून दगडावर त्याची जागा आखून घ्या. ही रेघ नंतर सोन्यासारखी वाटते. मग टेकू ठेवून धरून असलेल्या बाजूचं सिलिकॉन लांब पात्याच्या कटरने कापत जा. एक माणूस खाली, एक वर. एकट्याने हे करू नका, सिंक तोंडावर येतं.

यापुढचा एक तास कंटाळवाणा, पण सगळं काम इथेच आहे.

दगडाच्या पाठीवर हात फिरवा. भुकटी लागेल, सिमेंटचे डाग असतील, जुनं सिलिकॉन असेल. आणि बऱ्याच स्लॅबच्या पाठीला पांढरट जाळी दिसेल. वाहतुकीत स्लॅब मोडू नये म्हणून कारखान्यात रेझिनने ही फायबरची जाळी लावतात. लोक चकती थेट तिच्यावर चिकटवतात आणि काही महिन्यांनी चकती जाळीसकट निघून हातात येते. चकतीच्या पाठीला चिकटलेला जाळीचा चौकोनी ठसा पाहिला की मला पुढचं काही विचारावं लागत नाही. म्हणून जिथे चकती येणार तिथे ग्राइंडरने किंवा ६० नंबरच्या काचपेपरने जाळी, सिमेंट, सगळं काढून खालचा दगड उघडा करा. दाणे दिसले पाहिजेत. दोन इंच बाय दोन इंच पुरे. ग्राइंडर वापरत असाल तर मास्क आणि चष्मा घाला; ग्रॅनाइटची धूळ फुप्फुसात बसते. घरातल्या बाकीच्यांना स्वयंपाकघराबाहेर काढा.

मग ओलावा. सहा वर्षं झिरपलेलं पाणी दगडाच्या पाठीत, कापाच्या कडेत मुरलेलं असतं. दगड काळा असल्याने ओला की कोरडा ते डोळ्यांना कळत नाही. एक युक्ती: प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने दगडाला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं तर दगड अजून ओला आहे. पंखा लावून ठेवा, हेअर ड्रायर फिरवा, आणखी एक दिवस थांबा. कोकणात जुलैमध्ये हे काम असेल तर मी सरळ सांगतो, टेकू लावून ठेवा आणि गणपतीनंतर बोलवा.

शेवटी ॲसिटोन. साधा थिनर कधी कधी तेलकट थर मागे ठेवतो. स्वच्छ पांढऱ्या चिंधीवर घ्या, पुसा, चिंधी बदला, पुन्हा पुसा, चिंधी पांढरी राहीपर्यंत. खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवा, सिलिंडरचा रेग्युलेटरसुद्धा. चकतीची पाठही काचपेपरने खरवडून पुसा; नव्या चकतीवर कारखान्यातलं तेल असतं. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही.

चिकटवायला दोन भागांचं एपॉक्सी. मी अरालडाइटचं हळू धरणारं, नेहमीचं वापरतो. पाच मिनिटांत धरणारं सोयीचं वाटतं, पण आठ चकत्या लावेपर्यंत ते डबीतच दगड होतं, आणि पाण्यापाशी माझा त्याच्यावर तेवढा विश्वास नाही. प्रमाण पाकिटावर लिहिलं असेल तेच. "हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर धरतं" हा आपल्याकडचा आवडता गैरसमज आहे. जास्त हार्डनरने ते चिवट, मऊ राहतं, पक्कं होत नाही. फरशीच्या तुकड्यावर दोन-तीन मिनिटं घोटा, एकसारखा रंग येईपर्यंत.

चकतीच्या पाठीवर एपॉक्सी लावा आणि पेन्सिलच्या रेघेच्या बाहेर अशी दाबा की सिंक वर आल्यावर चकती काठाला अडणार नाही, पण पट्टीचं टोक काठाखाली निदान १० एमएम जाईल. दाबताना जरासं गोल फिरवा. भोकांतून एपॉक्सी बाहेर येऊन चकतीवर छोट्या छत्र्यांसारखं पसरलं पाहिजे. ही छत्रीच खरी पकड; वाळल्यावर ती खिळ्याच्या डोक्यासारखी चकतीला धरते. भोकं कोरडी दिसली तर एपॉक्सी कमी पडलं, काढून पुन्हा लावा. आट्यांवर थेंबही जाऊ देऊ नका. आट्यांना आधीच चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, आणि चकती घसरू नये म्हणून तिच्यावरून दगडाला मास्किंग टेपची फुली मारा.

आता २४ तास हात लावायचा नाही. डिसेंबरात पुण्यात रात्री १२ अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा मी ४८ तास देतो.

यानंतरची पायरी बहुतेक कारागीर गाळतात. मी नाही गाळत. प्रत्येक बोल्टला जीआय वायरचा फास टाकून पाण्याने भरलेली दहा लिटरची बादली टांगायची. एकेकीला दहा मिनिटं. बादली जमिनीपासून चार बोटंच वर ठेवा, पडली तर आवाज कमी येतो. आठ चकत्यांनी दहा-दहा किलो पेललं म्हणजे ऐंशी झाले, आणि तुमचं भरलेलं सिंक साठ-पासष्टच्या घरात. एखादी चकती निघाली तर वाईट वाटून घेऊ नका; ती आज बादलीबरोबर निघाली, सिंकबरोबर नाही. निघालेल्या चकतीची पाठ बघा. एपॉक्सी चकतीवर आहे आणि दगड कोरा, तर दगड नीट साफ झाला नव्हता. उलट असेल तर चकतीचं तेल राहिलं.

सिंक बसवताना त्याचा वरचा काठही काचपेपरने हलका खरवडून ॲसिटोनने पुसा. त्यावर न्यूट्रल सिलिकॉनचा अखंड दोर फिरवा, करंगळीच्या अर्ध्या जाडीचा, कापाच्या कडेच्या जवळून. दोराला कुठेही तुटकी जागा नको, कोपऱ्यांवर तर नकोच. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन इथे नको. ग्रॅनाइटला ते कदाचित चालून जाईल, पण तुमच्याकडे संगमरवर किंवा कडप्पा असेल तर त्यातलं आम्ल दगड खातं, आणि कुठला दगड कशाचा हे विक्रेत्यालाही दर वेळी ठाऊक असतं असं नाही.

सिंक वर धरून ठेवायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. गाडीचा जॅक आणि वर फळी, हे चालतं. माझी पद्धत वेगळी आहे. ओट्यावर जुना टॉवेल घालून सिंकवर आडवी एक जाड फळी ठेवतो. वेस्टच्या भोकातून आट्यांचा १० एमएमचा लांब रॉड सोडतो, वर फळीत नट, खाली भोकापेक्षा मोठा लाकडी ठोकळा, वायसर आणि नट. खालचा नट पान्ह्याने फिरवत गेलं की सिंक लिफ्टसारखं सरळ वर येतं आणि तिथेच थांबतं. दोन्ही हात मोकळे. पेन्सिलच्या रेघेशी काठ जुळवा, पुढची बाजू खाली राहिली तर तिथे जॅकचा हलका टेकू द्या.

क्लिपा चढवा, विंग नट बोटांनी फिरवा. पट्टी आडवी, समतल दिसली पाहिजे. दगडाकडचं टोक काठाच्या जाडीमुळे तिरकं होत असेल तर ते टोक आणि दगड यांच्यामध्ये वायसर सरकवा. तिरकी पट्टी काही महिन्यांत निसटते. समोरासमोरच्या क्लिपा आळीपाळीने आवळा, मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तशा. सगळीकडून सिलिकॉन बारीक रेषेसारखं बाहेर आलं की थांबा. पक्कडीने करकचून आवळलंत तर सिलिकॉन पूर्ण पिळून निघतं, स्टील दगडाला भिडतं, आणि ताणायला मध्ये काही उरतच नाही. शिवाय तो सगळा ताण चकतीवर चोवीस तास राहतो. सिलिकॉन धरल्यावर, दुसऱ्या दिवशी, पाव फेरा द्या. बस.

वर आलेलं सिलिकॉन साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच ओढा. सारखं सारखं नाही, तेवढं खराब होत जातं. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर धरतं, दिवसाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, म्हणून काठाच्या आतलं उशिरा धरतं. पहिला दिवस पाणी नाही, दोन दिवस वजन नाही. रॉड आणि फळी तेवढा वेळ तशीच ठेवा. वेस्ट कपलिंग, म्हणजे सिंकच्या भोकात बसणारी जाळी, त्यानंतर.

मागच्या बाजूला भिंत इतकी जवळ असेल की हात जात नाही, असं पुष्कळ किचनमध्ये होतं. तिथे क्लिपेचा हट्ट नको. कपाटाच्या दोन बाजू प्लायच्या आणि धड असतील तर त्यांना आतून अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप आडवा टाका, सिंकच्या काठाला लागून, दोन टोकांना अँगल आणि स्क्रू. तुमची प्लाय फुगली आहे म्हणता. जिथे नखाने दाबल्यावर ती मऊ लागते तिथे स्क्रू धरणार नाही. तो भाग आधी बदला, किंवा पाइप खाली जमिनीवर पाय देऊन उभा करा. दिसायला सुंदर नाही, पण कपाटात कोण बघतंय?

कोणी "ग्रॅनाइटला भोक पाडून फिशर मारू" (म्हणजे स्क्रू धरायची प्लास्टिकची गुट्टी) म्हणालं तर नको म्हणा, निदान पुढच्या पट्टीत तरी. दगड १८ एमएमचा, त्यात कापाजवळचा, ड्रिलच्या धक्क्याने तडकायला त्याला फार कारण लागत नाही.

वेस्ट पाइप जोडताना त्याला भिंतीच्या क्लॅम्पचा आधार द्या. लोंबता पाइप भरला की सिंकला खाली ओढतो, आणि कपाटात डबे सरकवताना त्याला धक्के बसतात ते वेगळेच. तिसऱ्या दिवशी टेकू आणि रॉड काढण्याआधी कपाटाच्या तळाला वर्तमानपत्र पसरा. रॉड काढा, कपलिंग बसवा, पण टेकू राहू द्या. सिंक अर्धं भरून तासभर ठेवा, मग काठोकाठ भरून रात्रभर. सकाळी आधी कागदावर हात फिरवा आणि मग प्रत्येक विंग नटाखाली बोट. दोन्ही कोरडे लागले की टेकू काढा.